मादाम गाबोरींबद्दलचा अहवाल

४ नोव्हेंबर, सोमवार

चष्म्याची डावी काडी वाकली आहे आणि नाकाचं हाड सुजलं आहे. मला भयंकर राग आला आहे आणि तो सांगायला कोणी नाही. बहिणीला, म्हणजे ओदिलला सांगावं, तर तिची बेकरी आहे. उद्या सकाळी पावाबरोबर ती सगळ्या गावाला वाटेल. म्हणून गेल्या नाताळात तिनेच दिलेली ही वही आज उघडली.

झालं ते असं. आमचे संचालक मस्यू रोमाने सकाळी आठला एका बाईंना घेऊन तळघरात उतरले. रोमाने चौतीस वर्षांचा आहे, लियोंच्या व्यापार-शाळेतून आलेला, त्याला 'उतरले' कशाला म्हणू. उतरला. म्हणाला, या मादाम मारियेल गाबोरी, तुमच्या हाताखाली, तीन महिने बघू. मला आधी विचारलं नव्हतं. या तळघरात पाच हजार चीजची चाकं मुरत पडलेली आहेत, एकेक चाळीस किलोचं. ती उलटीपालटी करायला यंत्र आहे. पण हातोडीने ठोकून आतून चाक कसं आहे हे ऐकायला कान लागतो, आणि तो कान वीस वर्षं माझा आहे. आणखी एक कान कशाला हवा?

मग रोमाने म्हणाला, काय, गालाला गाल नाही का लावणार? ही पद्धत कोणी काढली त्याला माझ्यासमोर आणा. आमच्या जुराच्या डोंगरात निदान दोनदा लावून सुटका होते. ही बाई नांतच्या खालची, समुद्राकडची. तिकडे चार म्हणे. माझे दोन झाले, मी सुटलो म्हणून मान सरळ केली आणि ती तिसऱ्यासाठी पुढे आली. तिचं कपाळ आणि माझा चष्मा. रोमाने पोट धरून हसला.

बाई आधी पांढरी पडली, मग लाल झाली. तिने चष्मा उचलून माझ्या हातात उलटा दिला आणि चौथ्या रांगेमागे गेली ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिकडेच. 'माफ करा' नाही, 'लागलं का' नाही. घमेंड तरी किती असावी. मीही काही बोललो नाही, पण मला लागलं होतं, माझी गोष्ट वेगळी.

७ नोव्हेंबर, गुरुवार

मी सहाला तळघर उघडतो. वीस वर्षांत माझ्या आधी तिथे कोणी आलेलं नाही. परवा आलो तर दिवा लागलेला, बाई तिसऱ्या रांगेत, माझ्याकडे पाठ. काल पावणेसहाला गेलो, तरी आहेच. आज साडेपाचला. आहेच.

याचा अर्थ सरळ आहे. रोमानेने हिला माझ्या जागेसाठी आणली आहे आणि ती मला दाखवून देते आहे की ती लवकर येऊ शकते. आज मी दारात दोन मिनिटं उभा राहिलो. बाँजूर म्हणून नमस्कार करायची माझी पूर्ण तयारी होती, शब्द घशापर्यंत आला होता. पण सुरुवात नव्या माणसाने करायची की जुन्या? नव्या माणसाने. हे लहान मुलालाही कळतं. तिने ब्रश जोरात घासायला सुरुवात केली, म्हणजे मी आल्याचं तिला समजलं होतं. शेवटी मी मिठाच्या खोलीत निघून गेलो.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आता कमाल झाली. माझी पद्धत अशी: चाक ठोकायचं, ऐकायचं, आणि खालच्या फळीच्या कडेला खडूने खूण करायची. गोल म्हणजे उत्तम, आडवी रेघ म्हणजे थांबू, फुली म्हणजे बाहेर काढा. आज सकाळी बघतो तर माझ्या खुणांखाली बारीक बारीक ठिपके. सगळ्यांखाली नाहीत, पण बहुतेकांखाली. बाई माझ्या मागून प्रत्येक चाक पुन्हा ठोकते आणि ठिपका ठेवते. तपासनीस. शाळेत मास्तर वहीवर टिंब द्यायचे तसं.

मी ओल्या फडक्याने चाळीस ठिपके पुसले. दुपारी ते परत आले होते, आणि पहिल्यापेक्षा नीट काढलेले.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

दिजोंहून निवृत्त लोकांची सहल आली. बारा म्हातारे आणि त्यांच्या छत्र्या. रोमाने वरूनच ओरडला, की मादाम गाबोरी पाहुण्यांना तळघर दाखवतील. मी त्याआधीच मिठाच्या खोलीत गेलो होतो, कारण मला मिठाची पोती बघायची होती. दार बंद करून वळतो तर दार उघडलं आणि बाई आत. हातात ब्रश तसाच, पाणी गळतंय.

खोली दोन माणसांची नाहीच. वीस मिनिटं आम्ही तिथे उभे होतो. ती पोती मोजत होती. पोती सात आहेत. ती वीस मिनिटं मोजत होती. मी थर्मामीटर वाचत होतो. बाहेर रोमाने त्या लोकांना काहीबाही खोटंनाटं सांगत होता, ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकदा तो म्हणाला की चीज जितकं जुनं तितकं मऊ, तेव्हा माझ्या तोंडून 'गाढव' निघालं. बाईच्या नाकातून एक आवाज आला. शिंक असावी.

एवढ्या वेळात एक शब्द नाही तिच्याकडून. अशा माणसाबरोबर कोणी काम करावं कसं?

३ डिसेंबर, मंगळवार

आज पहाटे तळघराच्या दारातच, आत पाऊल टाकतो तिथे, एक चाक जमिनीवर फळी घालून उभं केलेलं. मी त्यावर जवळजवळ आपटलोच. चाक सहाव्या रांगेतलं, मार्चमधलं. त्याच्या फळीवर माझा गोल होता. ठिपका नव्हता.

ठोकलं. मग पुन्हा ठोकलं. मग गुडघ्यावर बसून ठोकलं. मधोमध चीर आहे. नळीने नमुना काढला तर तो हातातच दोन तुकडे झाला. हे चाक मी उत्तम ठरवलं होतं आणि ते सोमवारी पॅरिसला जाणार होतं.

बाई आठव्या रांगेच्या टोकाला उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी वर बघितल्याबरोबर ब्रश घासायला लागली. म्हणजे रात्रीतून किंवा पहाटे चाळीस किलोचं चाक एकटीने उचलून, तीस मीटर ओढून दारात आणायचं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला माझी चूक दिसावी. पण 'मस्यू, जरा हे बघता का' एवढं म्हणायला तोंड नाही. ठिपका नाही त्याचा अर्थ काय, हे विचारायला मी तिच्याकडे जायचं का? मी प्रमुख आहे.

चूक माझी होती, ते मी नाकारत नाही. त्याचाच तर राग आहे.

१३ डिसेंबर, शुक्रवार

बाई दोन दिवस तापाने घरी. नाताळच्या ऐन घाईत. आजारी पडायला हाच आठवडा सापडला.

पहाटे तळघर अंधारात होतं. दिवा मी लावला. हातोडी दोनदा हातातून पडली. फळ्यांवर माझे गोल आणि रेघा, खाली काही नाही. बरोबर की चूक कळायला मार्ग नाही. दिवसभरात शंभर चाकंसुद्धा झाली नाहीत. एका माणसाच्या जाण्याने कामाचा एवढा खोळंबा होतो, हे रोमानेला कोणी सांगेल का?

१६ डिसेंबर, सोमवार

आज आली. खोकत होती. खोकल्याच्या आवाजात मला चाकं ऐकू येत नाहीत, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तिच्या कोटाच्या खुंटीवर पिशवीत मधाची बरणी अडकवून ठेवली. कामासाठी. चिठ्ठी ठेवली नाही, उगीच भलता अर्थ निघायचा.

१९ डिसेंबर, गुरुवार

तीन दिवस झाले. बरणी गेली. खोकला कमी आहे, म्हणजे मध खाल्ला. पण आभार? हसणं? मानेने तरी काही? काहीच नाही. उलट आता मी ज्या रांगेत असेन त्या रांगेत ती येतच नाही, वळसा घालून जाते. काल मला बघून हातातलं मिठाचं पाणी सांडलं आणि ते पुसायचं सोडून पळाली.

मी काय वाघ आहे का? मला इतकं लागलं आहे की जेवण गेलं नाही. मधासाठी नाही. मधाचं काय मोठं.

२० डिसेंबर, शुक्रवार

रोमानेने कागद पाठवला: मादाम गाबोरींबद्दल प्रमुखाचा अहवाल, आज संध्याकाळपर्यंत. मग तो डोंगरावर बर्फात घसरायला जाणार आहे. कागदावर चौकोन होते. वक्तशीर आहे का: हो. काम येतं का: हो. मिळूनमिसळून वागते का: नाही. वरिष्ठांशी बोलते का: नाही. खाली तीन ओळी मोकळ्या होत्या, 'तुमच्या शब्दांत'.

मी लिहिलं: 'दीड महिन्यात या बाईंनी मला एकदाही बाँजूर म्हटलेलं नाही. यांच्याबरोबर काम करता येत नाही.' खाली सही, अंसेल्म व्हुइए, तळघर प्रमुख. पेन इतकं दाबलं की मागच्या बाजूला अक्षरं उमटली.

घरी येताना हलकं वाटायला हवं होतं.

२८ डिसेंबर, शनिवार

मी काय करून बसलो आहे.

आज दुपारी ओदिलकडे जेवायला गेलो होतो. बेकरीच्या मागची खोली, ससा आणि मोहरीची आमटी. ती सहज म्हणाली, तुझ्या त्या गाबोरीबाई म्हणजे अजब प्रकरण आहे. दुकानात गर्दी असली की बाहेर थंडीत उभी राहून जाहिराती वाचते. त्या फळीवर एकच जाहिरात आहे, हरवलेल्या मांजरीची, सप्टेंबरातली. दुकान रिकामं झालं की आत येते आणि बोटाने दाखवते. पहिल्या दिवशी ओदिलने चुकून राय धान्याचा काळा पाव दिला. तेव्हापासून ती रोज काळाच पाव नेते. ओदिलच्या शेजारणीने तिला तोच पाव कोंबड्यांना घालताना बघितलं आहे.

मी म्हटलं, मग सांगत का नाही?

"कोण, ती? तू सांगशील का?" ओदिल म्हणाली. "तुझे ते बूट. एक नंबर लहान आहेत, सहा वर्षं लंगडतोयस. दुकानदाराला परत करायला गेलास का?"

मी म्हटलं, चामडं आहे, सैल होईल. आणि मी लाजाळू नाही. मला माणसं आवडत नाहीत, हा वेगळा मुद्दा.

"बरं बाबा, वेगळा. पण नाताळच्या आधी ती आली आणि बोलली. स्वतःहून. मी पीठ सांडलं हातातलं. काउंटरवर रिकामी मधाची बरणी ठेवली आणि म्हणाली, 'हा मध गावात कोण घेतं?' मी म्हटलं, असला कडू चेस्टनटचा मध माझा भाऊ सोडून कुत्रंही खात नाही. तर अशी लाल झाली की मला वाटलं पडते. आणि सहा बरण्या घेऊन गेली. सहा! अंसेल्म, ती घमेंडी नाही रे. ती म्हणजे बाईच्या वेषातला तूच आहेस."

मी काटा खाली ठेवला. मग त्या कागदाबद्दल सांगितलं, काय लिहिलं तेसुद्धा. ओदिलने माझी ताटली उचलून नेली, अर्धी भरलेली. पाठमोरी म्हणाली, "जा आणि परत घे तो."

रोमाने आठ तारखेपर्यंत डोंगरावर. मी पायवाटेने घरी आलो आणि वाटभर स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही. ती बाई रोज पहाटे माझ्या आधी येत होती ती माझ्या जागेसाठी नाही. दारात बाँजूर म्हणायची वेळ येऊ नये म्हणून. जसा मी दारात उभा होतो.

९ जानेवारी, गुरुवार

रोमाने आला, तोंड उन्हाने भाजलेलं. त्याच्या कचेरीच्या दारापर्यंत तीनदा गेलो. पहिल्यांदा आत फोन चालू होता. दुसऱ्यांदा चालू नव्हता. तिसऱ्यांदा मी हात वर केला आणि दारावर नाव बरोबर लिहिलंय का ते वाचून परत आलो. एकोणपन्नास वर्षांचा माणूस! माझा मलाच इतका राग आला की जिन्याच्या भिंतीवर मूठ मारली. मग चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवली: अहवाल चुकीचा आहे, परत द्या.

जेवणानंतर तो खाली आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, कागद मंडळाकडे गेला. अठराला आपल्या सहकारी संस्थेच्या शेतकऱ्यांची सभा आहे, तिथे ठरेल. "काही म्हणायचं असेल तर तिथे उठून सांगा ना, दोन मिनिटांचं काम." त्याला ठाऊक आहे मी कधी उठत नाही. वीस वर्षं मी त्या सभेत खांबामागे बसतो आणि माझा हिशेब दुसरं कोणीतरी वाचतं. जाता जाता म्हणाला, तसंही दुसरं यंत्र घेतलं की दुसरा माणूस लागत नाही. यंत्र ऐकतं का रे, असं विचारायचं होतं. तो जिना चढून गेल्यावर विचारलं.

१५ जानेवारी, बुधवार

तीन दिवस चाकांसमोर भाषणाचा सराव करतोय. दहाव्या रांगेतली जुनी चाकं माझ्या बाजूने आहेत.

पण सभेआधी तिला सांगायला हवं. तिथे बसून तिने ते ऐकू नये. आज हिंमत करून पाचव्या रांगेत गेलो. ती फळी पुसत होती. पळाली नाही. मी सांगायला तोंड उघडलं, की मी तुमच्याबद्दल एक वाईट गोष्ट लिहिली आहे. तोंडातून निघालं, "मीठ संपत आलंय."

ती म्हणाली, "हो."

दहा आठवड्यांत आमचं एवढं बोलणं झालं. आवाज घोगरा आहे, मला वाटलं होतं तसा नाही. मी मान हलवून निघून आलो. आणि मीठ संपत आलेलं नाही, सातच्या सात पोती आहेत, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार. तरी 'हो' म्हणाली. अशा बाईला मी काय लिहिलं.

१९ जानेवारी, रविवार

काल सभा झाली. सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

नगरपालिकेचा हॉल, दुपारी तीन. बावीस शेतकरी, काहींच्या बायका, आम्ही कामगार, मिळून चाळीसेक डोकी. अध्यक्ष म्हातारे पाजे. पाचला दूध काढायला सगळ्यांना घरी जायचं असतं, म्हणून पाजे कामकाजाच्या आधीच केक कापतात. जानेवारीतला राजांचा केक, ओदिलने भाजलेला, आत बदामाचं सारण आणि एका तुकड्यात बोटाच्या पेराएवढं चिनी मातीचं बाहुलं. ज्याला सापडेल तो राजा. त्याने पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट घालायचा आणि भर सभेत राणी निवडायची. यात मजा काय आहे हे मला आजवर कळलेलं नाही. मी नेहमी सर्वांत बारीक तुकडा घेतो.

दुसऱ्या घासाला दाताखाली कटकन वाजलं.

मी बाहुलं जिभेने गालात सरकवलं आणि चेहरा सरळ ठेवला. पाजे विचारत होते, कोणाकडे निघालं, कोणाकडे. कोणी बोलेना. कोणीतरी म्हणालं, गिळलं वाटतं कोणी. सगळे हसले. मारियेल गाबोरी माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसली होती, ताटलीकडे बघत.

आणि रोमाने उठून वाचायला लागला. दुधाचे आकडे, यंत्राचं पत्रक, मग म्हणाला, आता मादाम गाबोरींची मुदत. प्रमुखांचं मत त्यांच्याच शब्दांत वाचतो. आणि त्याने वाचलं. माझं वाक्य मी चाळीस लोकांत ऐकलं. बाँजूर म्हटलेलं नाही. यांच्याबरोबर काम करता येत नाही. दोन-तीन बायका हसल्या. मारियेलने हातातला काटा ताटलीच्या कडेला ठेवला, आवाज न करता. माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या मानेवर लाल चट्टे आले होते, ते मी बघितले.

कोणाला काही म्हणायचंय, रोमाने म्हणाला, आणि कागद मिटायला लागला.

मी उभा राहिलो. खुर्ची मागे पडली. तोंड उघडलं तर बोलता येईना, बाहुलं आडवं आलेलं. ते मी हातात काढलं. बास. "राजा! राजा!" लोक टेबलं बडवायला लागले. पाजेंच्या बायकोने मागून येऊन मुकुट डोक्यावर बसवला, राणी कोण, राणी कोण, सगळीकडून एकच. माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं.

"गप्प बसा," मी म्हणालो. तो आवाज माझा होता. टेबलं बडवायची थांबली.

"तो कागद खोटा आहे. मी लिहिला. रागात लिहिला, आणि राग कशाचा होता तेही मला समजलं नव्हतं. या बाई बोलत नाहीत म्हणता? मी बोलतो का? वीस वर्षांत या खोलीत माझा आवाज कोणी ऐकलाय? तुमचं चीज बिघडलं का त्याने? मी उत्तम ठरवलेलं फुटकं चाक पॅरिसला चाललं होतं, ते यांनी पकडलं, एकटीने ओढत आणून माझ्यासमोर ठेवलं. असा कान मी आजवर बघितलेला नाही, माझा धरून. यंत्र घ्यायचं तर घ्या, यंत्राला मीठ लावता येईल, ऐकता येणार नाही. आणि पहाटे साडेपाचला तिथे दिवा लागलेला नसला तर माझा दिवस जात नाही. लिहून घ्या हेही."

शेवटचं वाक्य मी तयार केलं नव्हतं. दहाव्या रांगेतल्या चाकांनी ते कधी ऐकलेलं नाही.

बसावं, तर खुर्ची मागे पडलेली. डोक्यावर मुकुट, मुठीत बाहुलं, कानात माझंच रक्त वाजतंय. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती आणि मला वाटलं, आता मी इथे मरेपर्यंत असाच उभा राहणार.

तेव्हा मारियेल उठली.

रोमाने म्हणाला, मादाम, तुम्हाला काही सांगायचंय? तिने मान हलवली, नाही. पण बसली नाही. दोन्ही हात टेबलावर टेकून, ओठ घट्ट मिटून, लालबुंद उभी. मीही उभा, तीही उभी. किती वेळ, देव जाणे. कोणाच्या तरी खुर्चीचा पाय करकरला.

"रोमाने," शेवटी म्हातारे पाजे म्हणाले, "मला पाचला गाईंकडे जायचंय. हे दोघं असे उभे राहिले तर माझ्या गाई दुधाने फुटतील. बाई राहतील. हात वर करा." हात वर झाले. रोमाने सोडून सगळ्यांचे, मग त्याचाही.

मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, अरे मग राणी ती समोरच आहे की. मारियेलच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. ते काय असतं ते मला माहीत आहे. मी मुकुट काढला आणि मादाम पाजेंच्या डोक्यावर ठेवला, वय एकोणऐंशी. लोकांची निराशा झाली, मादाम पाजेंची नाही.

बाहेर बर्फ पडत होता. ती दुधाच्या गाडीपाशी उभी होती, कोटाची बटणं चुकीची लावलेली. इतका वेळ दाबलेला राग कुठेतरी निघायलाच हवा होता, तो तिच्यावर निघाला. बोलायचं नव्हतं, तर उठायचं कशाला, मी म्हणालो. मी सगळं सांगितलं होतं, मंडळ ऐकत होतं. लोकांनी कसं बघितलं तुमच्याकडे. काय गरज होती?

ती स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली. मला वाटलं आता पळेल.

"तुम्ही एकटेच उभे होतात," ती म्हणाली.

मी तिला घरापर्यंत सोडायला गेलो. दारात तिने माझा हात धरला आणि सोडेना, तेव्हा मीही काढून घेतला नाही. तिचा हात गार पडला होता, हातमोजे हॉलमध्येच राहिले होते.